मेर्सेदेस: एका नावाची गोष्ट

'मर्सिडीज' म्हटलं की आपल्याला मोटारगाडी आठवते. पण मुळात हे मुलीचं नाव आहे, स्पॅनिश भाषेतलं. स्पेनच्या बऱ्याच भागात त्याचा उच्चार 'मेर्थेदेस' होतो, तर लॅटिन अमेरिकेत 'मेर्सेदेस'.

या नावाचं मूळ लॅटिन आहे. ज्या शब्दापासून ते आलं, त्याचा जुना अर्थ मोल, मोबदला. पुढे ख्रिस्ती धर्मपरंपरेत त्याला कृपा, दया असा अर्थ आला. मारिया दे लास मेर्सेदेस, म्हणजे कृपावंत मारियामाता, या बिरुदातून हे नाव मुलींना मिळालं. दोलोरेस, पिलार, सोलेदाद ही नावंही मारियामातेच्याच बिरुदांतून आलेली.

या बिरुदामागे फार मोठं कार्य आहे. परंपरेनुसार 1218 साली बार्सिलोनात पेद्रो नोलास्को यांनी याच बिरुदाच्या नावानं एक धर्मसंघ स्थापन केला. युद्धांत आणि समुद्री चाच्यांच्या हाती सापडलेल्या ख्रिस्ती बंदिवानांना खंडणी भरून सोडवणं, हे त्याचं काम. वेळ पडली तर बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहायचं, अशी शपथ संघाचे सदस्य घेत. आजही 24 सप्टेंबरला बार्सिलोना आपली पालक असलेल्या याच मारियामातेचा उत्सव साजरा करतं.

आणि मोटार? एमिल येलिनेक या व्यापाऱ्यानं आपल्या मुलीचं नाव डाइम्लर कंपनीच्या गाड्यांना दिलं. 1902 साली ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदलं गेलं. अर्जेंटिनाच्या थोर गायिका मेर्सेदेस सोसा यांचंही नाव हेच. दुसऱ्याच्या सुटकेसाठी स्वतःला गहाण ठेवणाऱ्या करुणेची परंपरा या नावामागे आहे.