हातभर साईडपट्टी

(सातारा येथे सातारा व सांगली जिल्ह्यांतील महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



रस्त्यावर उतरणं आपल्याला नवीन नाही. पण आज मला बोलायचंय ते रस्त्यावरून चालण्याबद्दल. दारू, हुंडा, पोटगी असे प्रश्न असताना हा विषय किरकोळ वाटेल. मलाही वाटत होता.

मी वाळवा तालुक्यातली. आमच्या गावातून मोठा रस्ता जातो. डांबर गाड्यांचं आणि कडेची मुरमाची साईडपट्टी आमची. वैरणीचा भारा घेतलेली, डेअरीला दूध घालायला निघालेली, लेकरू कडेवर घेऊन दवाखान्याला चाललेली बाई तिथूनच जाते. हायस्कूलच्या मुलींच्या सायकलीही तिथूनच. आणि एकदा ऊस सुरू झाला, की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पट्टीला घासून जातात.

अशाच एका गळीत हंगामात आमच्या गटातली एक साठी ओलांडलेली बाई भारा घेऊन घरी येत होती. मागून नववीतली मुलगी सायकलवर. ट्रॉली अंगावर आली म्हणून पोरीनं सायकल आत घेतली. हँडल भाऱ्यात अडकलं. दोघी पडल्या. बाईचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, तेवढी मजुरी बुडाली.

दुसऱ्या दिवशी पारावर निकाल लागला: "पोरींच्या सायकली बंद करा." ट्रॅक्टरचं नाव कोणी काढलं नाही. आपल्यातल्याही काही जणी म्हणाल्या, पोरी फार माजल्यात. त्या मुलीच्या वडिलांनी सायकलला कुलूप घातलं. शाळा चार किलोमीटर. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडी वेळेवर आली तर ना! सायकल बंद म्हणजे शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणजे पुढं काय, हे तुम्हाला सांगायला नको.

तोंड उघडलं ते हात मोडलेल्या बाईनंच. ती म्हणाली, "माझा हात बसंल. पोरीची साळा सुटली तर ती कोण बसवणार?"

मग आम्ही बाया आणि मुली शाळेच्या मैदानावर जमलो. बाया म्हणाल्या, सायकलचा आवाज येत नाही, डोक्यावर भारा असला की मान वळवता येत नाही. मुली म्हणाल्या, तुम्ही तिघी-तिघी ओळीनं चालता, आम्ही उतरायचं कुठं, डांबरावर? मुलींनी भारा डोक्यावर घेऊन पाहिला. दोन-चार बाया आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसल्या. हसून हसून पुरेवाट झाली, पण समजायचं ते समजलं. निम्म्याअधिक सायकलींना घंटीच नव्हती, हेही तेव्हाच दिसलं.

आम्ही ठरवलं ते असं. पायी चालणारीनं उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. सायकल डाव्या कडेनं. म्हणजे कडेनं येणारं कोणी पाठीमागून येत नाही, समोरच दिसतं. रस्ता अरुंद झाला की दोघींनीही एकामागे एक. सायकलवालीनं वीस पावलं आधी घंटी वाजवायची. बाजाराच्या दिवशी आणि मोरीवर उतरून सायकल हातात धरायची. वाट आधी पायी चालणारीची, कारण जिचा वेग जास्त, तिची जबाबदारी जास्त.

आता हेच माप पुढं लावा. सायकलवालीनं बाईला जपायचं, तर ट्रॅक्टरवाल्यानं आणि मोटारवाल्यानं दोघींना जपायला नको का? केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत पायी चालणारी ३२,८२५ आणि सायकलवाली ४,८३६. हातभर पट्टीवरून आपण एकमेकींशी भांडतो. पण बाकीचा रस्ता कोणी घेतला, हे विचारत नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन, पायी चालणारे आणि बिगरमोटारी वाहनं यांच्यासाठी राज्याला नियम करता येतील असं कलम १३८ मध्ये आलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोकळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यांना हे नियम करायला सहा महिन्यांची मुदत दिली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांप्रमाणे शहरातला फुटपाथ निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट मोकळा हवा. सातारा-सांगलीत टेप घेऊन निघा, कुठं किती भरतो बघा. आणि फुटपाथ अडला की बोट लगेच भाजीवालीकडे जातं. तीही आपलीच. तिला २०१४ च्या फेरीवाला कायद्याचा आधार आहे. तिथं लावलेल्या मोटारसायकलीला कुठला आधार आहे?

सावित्रीबाई याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्यांना अडवायला लोकांनी रस्ताच गाठला. अंगावर शेण-चिखल टाकला. बाईला घरात बसवायचं असलं की आधी तिची वाट अवघड करतात. आज शेण कोणी टाकत नाही, वाटच ठेवत नाहीत.

म्हणून घरी गेल्यावर एक दिवस मोजणी करा. पट्टी किती फूट, तिच्यावर काय काय पडलंय, सकाळ-संध्याकाळ किती बाया आणि किती मुली जातात. कागदावर लिहा, सह्या-अंगठे घ्या, ग्रामसभेत मांडा आणि अर्जाची पोच घ्या. कारखान्याच्या गटऑफिसलाही जा. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर लावा, शाळा भरताना आणि सुटताना गावातून गाडी हळू न्या, एवढं तर ते करू शकतात.

आमच्या अर्जावर कडेची झुडपं निघाली, मुरूम अजून पडायचाय. पोच जपून ठेवलीय, दर महिन्याला जातो. आणि ती मुलगी सायकलवरून शाळेला जाते. घंटी तिला त्या बाईनंच आणून दिली.