पेशीच्या आतील गुणाकार



कोंबडीच्या पिलांना होणाऱ्या रक्ती हगवणीत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. पिले मरू लागतात तेव्हा त्यांची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तर रोगाचे बीज पुष्कळदा दिसतच नाही. ते दिसू लागते तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते. असे का व्हावे? याचे उत्तर आतड्याच्या पेशीत शिरून वाढणाऱ्या एका एकपेशीय परोपजीवीच्या जननरीतीत सापडते.

या परोपजीवीचे नाव आयमेरिया टेनेला. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थेओडोर आयमर यांच्या सन्मानार्थ या प्रजातीला १८७५ मध्ये हे नाव मिळाले. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६७४ मध्ये, लेव्हेनहूक यांनी सशाच्या पित्तात जे अंडाकृती कण पाहिले, ते याच प्रजातीचे असावेत असे मानतात. परंतु पाहणे निराळे आणि उलगडणे निराळे. फ्रिट्झ शाउडिन यांनी १९०० मध्ये गोमेच्या आतड्यातील अशाच जीवांचा अभ्यास करून दाखवून दिले की, त्यांच्या जीवनक्रमात अलैंगिक आणि लैंगिक पिढ्या एकामागून एक येतात. कोंबड्यांच्या बाबतीत हा क्रम अमेरिकेतील टिझर यांनी १९२९ मध्ये तपशीलवार मांडला. आपल्या देशात आढळणाऱ्या या गटातील जीवांचे संकलन भाटिया यांनी १९३८ मध्ये भारतीय प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत केले.

आता हा जीवनक्रम पाहू. बाधित पक्ष्याच्या विष्ठेतून अंडपुटी नावाचा, जाड कवचाचा सूक्ष्म कण बाहेर पडतो. त्या क्षणी तो निरुपद्रवी असतो. ऊब, ओलावा आणि प्राणवायू मिळाला म्हणजे सुमारे दोन दिवसांत त्याच्या आत आठ बीजाणुज तयार होतात. खुराड्यातील तुसाची गादी पावसाळ्यात ओली राहिली, तर या तिन्ही गोष्टी त्याला आयत्याच मिळतात. पिलाने दाण्याबरोबर ही अंडपुटी गिळली की पेषणीत तिचे कवच फुटते, पित्त आणि पाचकरस यांच्या क्रियेने बीजाणुज मोकळे होतात आणि अंधांत्राच्या अस्तरातील पेशींत शिरतात.

पेशीत शिरल्यावर बीजाणुज पेशीद्रव्यात मिसळून जात नाही. एका पातळ पटलाने वेढलेली पोकळी त्याच्याभोवती तयार होते आणि तिच्यात तो सुरक्षित राहतो. येथून त्याचे अलैंगिक प्रजनन सुरू होते. अमीबा दुभंगून एकाचे दोन होतात, तशी ही रीत नाही. येथे आधी केवळ केंद्रक विभागत जाते. एकाच देहात शेकडो केंद्रके साठतात आणि मग प्रत्येक केंद्रकाभोवती थोडे जीवद्रव्य गोळा होऊन तितके खंडज एकदम सुटे होतात. या रीतीला बहुविभाजन म्हणतात. पोषक पेशी फाटते, खंडज बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत घुसतात.

या गुणाकाराचा आवाका आकड्यांवरून ध्यानात येईल. पहिल्या पिढीत एका बीजाणुजापासून सुमारे ९०० खंडज निपजतात. दुसऱ्या पिढीत प्रत्येकापासून २०० ते ३५० खंडज होतात. म्हणजे एका अंडपुटीतील आठ बीजाणुजांपासून, कमीत कमी धरले तरी, १४ लाख ४० हजार खंडज होऊ शकतात. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात पुष्कळ खंडज वाटेतच नष्ट होतात, तरीही उरतात ते पुरेसे असतात. दुसरी पिढी अस्तराच्या खालच्या थरात वाढते. पाचव्या दिवसाच्या सुमारास ती फुटते तेव्हा रक्तवाहिन्याही फुटतात, आणि विष्ठेत रक्त दिसते. लैंगिक अवस्था त्यानंतर येते आणि नव्या अंडपुट्या सामान्यतः सातव्या दिवसापासून बाहेर पडू लागतात. प्रारंभी सांगितलेल्या कोड्याची उकल ही अशी आहे. घात करते ती अलैंगिक पिढी, आणि विष्ठेत सापडते ते लैंगिक पिढीचे फळ. म्हणूनच या रोगाचे निदान करताना केवळ विष्ठेवर विसंबून चालत नाही. मेलेल्या पिलाचे अंधांत्र उघडून तेथील अस्तर खरवडून पाहावे लागते.

या गुणाकाराला मर्यादा आहे, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. अलैंगिक पिढ्यांची संख्या ठरलेली असते. दोन मोठ्या आणि बहुधा एक लहान पिढी झाली की परोपजीवी लैंगिक अवस्थेकडे वळतो, आणि नव्या अंडपुट्या पोटात आल्या नाहीत तर रोग आपोआप थांबतो. जो पक्षी त्यातून वाचतो, त्याच्या ठायी त्या जातीपुरती प्रतिकारशक्ती निर्माण होते. १९३९ मध्ये गंधकयुक्त सल्फा औषधांचा गुण दिसून आला आणि पुढे इतर औषधेही आली. परंतु परोपजीवी एकामागून एक औषधांना सरावत गेले.

तेव्हा मर्यादेच्या याच नियमाचा उपयोग करून घेण्यात आला. जेफर्स यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाधित पक्ष्यांच्या विष्ठेत सर्वांत आधी येणाऱ्या अंडपुट्याच निवडायच्या, त्या दुसऱ्या पक्ष्यांना द्यायच्या, आणि हाच क्रम पुनःपुन्हा चालू ठेवायचा, असा तो प्रयोग होता. त्यातून लवकर पक्व होणारा वंश हाती आला. घाईने पक्व होणाऱ्या या वंशाला गुणाकारास पुरेसा अवधीच मिळत नाही. त्यामुळे तो आतड्याची हानी फारशी करत नाही, परंतु प्रतिकारशक्ती मात्र जागी करतो. पुढे अशा वंशांपासून जिवंत लशी तयार झाल्या.

अर्थात, लस आली म्हणून ओली गादी बदलण्याचे काम टळत नाही. अंडपुटीला पक्व होण्यासाठी लागणारे दोन दिवस खुराड्याबाहेर नव्हे, खुराड्यातच जातात. तेथील तूस कोरडे राखणारा माणूस या गुणाकारातील पहिलाच आकडा लहान करत असतो. आणि पहिला आकडा लहान झाला, म्हणजे पुढचे सारेच आकडे लहान होतात.