गोळी सुरू करायची की बंदच ठेवायची?

आज आम्ही बोलतोय, बचत गटाच्या आरोग्य समितीच्या बाया. हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या.

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, सगळ्या उठल्या, एक जण मात्र बसूनच राहिली. म्हणाली, "सासूबाईंची गोळी सुरू करायची की नाही, तेवढं सांगा कुणीतरी. घरात रोज भांडण होतंय."

तिच्या सासूबाई सत्तरीच्या. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून त्या रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होत्या. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात गोळी थांबवली. हात-पाय हळूहळू चालू लागले. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, गोळीचा पुन्हा विचार करायला हवा. थोरला मुलगा म्हणतो, "जिच्यामुळं रक्त वाहिलं ती गोळी आईच्या तोंडात पुन्हा घालायची नाही." धाकटा म्हणतो, "डॉक्टर सांगतील ते करू." आणि गोळी हातावर ठेवायची कुणी? सुनेनं. उद्या काही झालं तर बोलही तिलाच.

उत्तर आमच्यापाशी नव्हतं. म्हणून आम्ही दोघी-तिघी तिच्यासोबत फाईल घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं जे समजलं ते सांगतो.

हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचे सोडून नुसते थरथरतात, त्या आजाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. तिथं रक्त साचून राहतं आणि त्याची गुठळी होते. डबक्यातल्या पाण्यावर शेवाळ धरतं ना, तसंच काहीसं. ती गुठळी सुटून मेंदूच्या नळीत अडकली की अंगावरून वारं जातं. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाचपट वाढतो.

म्हणजे लकवा दोन तऱ्हेचा. एकात नळी तुंबते, दुसऱ्यात नळी फुटते. रक्त पातळ ठेवणारी गोळी तुंबण्यापासून वाचवते, पण फुटलं तर वाहणं वाढवते. सासूबाई या दोहोंच्या मध्ये अडकल्या होत्या. थोरला चुकत नव्हता, धाकटाही चुकत नव्हता.

डॉक्टरांनी एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. युरोपातल्या ६ देशांत अशाच ३१९ रुग्णांवर तो झाला आणि २०२५ साली छापून आला. सगळ्यांना ठोक्यांचा हा आजार होता आणि सगळ्यांच्या मेंदूत आधी रक्तस्राव झालेला होता. निम्म्यांना नव्या प्रकारची गोळी दिली, निम्म्यांना दिली नाही. गोळी न घेणाऱ्यांत २० जणांना गुठळीचा लकवा झाला, घेणाऱ्यांत फक्त एकाला. पण गोळी घेणाऱ्यांत ११ जणांना पुन्हा मेंदूत रक्तस्राव झाला, न घेणाऱ्यांत एकाला. बायांनो, हे आकडे ऐकून आम्ही गप्पच झालो. दोन्हीकडं माणसंच आहेत.

मग ठरवायचं कसं? डॉक्टर म्हणाले, एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. आधी पाहायचं, रक्तस्राव मेंदूत कुठं झाला. खोल आत झाला असेल तर बहुतेक वेळा कारण वाढलेलं बीपी असतं, आणि ते आवरता येतं. मेंदूच्या कडेला झाला असेल तर म्हातारपणी नळ्यांच्या भिंतीच कमकुवत झालेल्या असू शकतात. तिथं पुन्हा फुटायची भीती जास्त, म्हणून अशांच्या बाबतीत गोळीला हात आखडता घेतात. हे सीटी स्कॅन आणि एमआरआयवरून कळतं. म्हणून जुन्या फिल्म जपून ठेवा, गादीखाली चुरगाळू देऊ नका.

दुसरं, गोळी कोणती. वॉरफॅरिनपेक्षा नव्या गोळ्यांनी मेंदूतला रक्तस्राव साधारण निम्म्यानं कमी होतो. पण लहानपणच्या सांधेतापामुळं हृदयाची झडप अरुंद झाली असेल, किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर वॉरफॅरिनच लागते आणि रक्ताची आयएनआर तपासणी चुकवायची नसते. आपल्या भागात तरुण बायकांनाही हा झडपेचा आजार असतो. शेजारणीची गोळी आपल्याला चालेल, असं कधीच समजू नका.

"मग साधी ॲस्पिरिन देऊ का?" असं आम्हीही विचारलं. तर नाही. या गुठळीपासून ती पुरेसं वाचवत नाही, आणि रक्तस्राव मात्र करू शकते.

ज्यांना गोळी मुळीच झेपत नाही, अशा काहींसाठी आणखी एक वाट आहे. जांघेतल्या शिरेतून नळी घालून हृदयातली ती पिशवीच बंद करतात. ते मोठ्या शहरातल्या हृदयाच्या दवाखान्यात होतं, खर्चिक असतं आणि त्यानंतरही काही काळ औषधं लागतात. योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं.

आता आपल्या हातातलं. फाईल चाळताना डॉक्टरांनी विचारलं, "आजी, बीपीची गोळी रोज घेत होता ना?" सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "बरं वाटलं की सोडायचे." गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्याही चालू होत्या. त्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि रक्तस्रावाची भीतीही वाढते. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून लक्षात ठेवा. बीपी १३०/८० च्या आत ठेवायचं, डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला नसेल तर. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. पापड, लोणचं, खारट कमी. मिश्री, तंबाखू, दारू बंद. अंगदुखीची गोळी, काढा, जडीबुटी, काहीही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. वॉरफॅरिन चालू असेल तर मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त एकदम जास्त किंवा एकदम बंद असं करू नका. तोल जाऊन पडणं टाळा: न्हाणीत घसरडं नको, रात्री उजेड हवा.

आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, अचानक भयंकर डोकं दुखून उलटी झाली, तर लगेच १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्यायला सांगा. घरी ॲस्पिरिन देऊ नका, कारण तुंबलंय की फुटलंय हे बाहेरून कळत नाही. पाणीही पाजू नका, ठसका लागतो. कोणती गोळी चालू आहे आणि शेवटची कधी घेतली, ते सांगा.

सासूबाईंचं काय झालं? त्यांचा रक्तस्राव खोल आतला होता. डॉक्टरांनी आधी बीपी आवरायला सांगितलं. मग दोन्ही मुलांसमोर सगळं समजावलं आणि शेवटी आजींनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "इतके दिवस हे कुणी विचारलंच नाही. मरणाला मी भीत नाही. अंथरुणात पडून सुनेकडून सगळं करून घ्यायची भीती वाटते." मग नवी गोळी सुरू करायचं ठरलं. त्या कागदावर दोन्ही मुलांनी सही केली. सुनेनं नाही केली, आम्हीच म्हणालो, तिच्या एकटीच्या माथी नको.

धोका गेला असं आम्ही म्हणणार नाही. पण आता तो सगळ्या घराला ठाऊक आहे, आणि भिंतीवर बीपीच्या आकड्यांचा कागद लागलाय.

तुमच्या घरी, शेजारी कुणाची अशी गोळी दवाखान्यात थांबवली असेल, तर एवढंच विचारा: ही कायमची बंद आहे की काही दिवसांपुरती? पुन्हा कधी दाखवायचं? उत्तर फाईलवर लिहून घ्या. आपल्या मनानं सुरूही करू नका आणि आपल्या मनानं बंदही ठेवू नका.

येतो आता. सांभाळून राहा.