‘गो-स्लो’ : एका शब्दाचा हिशेब



आमचे इंग्रजी शाळेपेक्षा कारखान्याच्या नोटीसफळ्यावर अधिक झाले. तेथे भेटलेला एक शब्द म्हणजे ‘गो-स्लो’. अर्थ साधा : हळू चला. घाटातल्या पाटीवर हाच उपदेश जीव वाचवतो; नोटीसफळ्यावर हाच शब्द नोकरी घालवतो.

या हत्याराची एक प्रसिद्ध कथा स्कॉटलंडातली आहे. १८८९ साली ग्लासगोच्या गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. मालकांनी शेतमजूर आणून काम भागविले, संप मोडला, आणि वर त्या नवख्यांची तारीफही केली. तेव्हा पुढारी म्हणाले, ‘गड्यांनो, कामावर जा आणि त्या नवख्यांइतकेच काम करा.’ थोड्याच दिवसांत वाढ मिळाली. तिकडच्या बोलीत या युक्तीला ‘का कॅनी’ म्हणत. आपल्याकडे म्हणतात, ‘दमानं घे.’

आपल्या कायद्याने मात्र तिला थारा दिला नाही. भारत शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली हा प्रकार अत्यंत घातक ठरविला. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्याला अनुचित प्रथांत घातले. न्यायालयाचे म्हणणे असे की, संपकरी पगार सोडतो. हा पूर्ण पगार मागतो आणि उत्पादन रोखतो.

हा युक्तिवाद मालकधार्जिणा म्हणून आम्ही झिडकारीत असू. पुढे एका साखर कारखान्यात ऐन हंगामात आम्हीच गाळप मंदावले. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटते, साखर उतरते. तिसऱ्या दिवशी एक गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, ‘भांडण तुमचं साहेबाशी, आणि वाळतोय आमचा ऊस.’ आम्हांला उत्तर सुचले नाही. त्याच संध्याकाळी गाळप पूर्ववत केले.

पण हिशेब एकतर्फी नको. याच शब्दाचा सख्खा भाऊ ‘स्लोडाऊन’. मागणी घटली की मालक पाळी बंद करतो, हंगामी माणसे घरी धाडतो. वर्तमानपत्रे त्याला मंदी म्हणतात. जणू आभाळातून आलेली. कामगाराने वेग कमी केला तर आरोपपत्र निघते. भांडवलाने केला तर आरोपीच सापडत नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : कोणी हळू चालला म्हणजे आधी विचारावे, त्याच्यामागे कोणाचा ऊस वाळतो आहे? हा प्रश्न आम्हांला त्या गाडीवानाने विचारला. तोच मालकांनाही विचारला पाहिजे.