ऐकणारे किती, हे कोणी मोजलं?

चिचगडहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे एक भाऊ आले होते. लहान रेडिओ केंद्रांसाठी जाहिराती गोळा करायचं त्यांचं काम. मोहफुलाच्या लाडवांची आणि जवसाच्या चटणीची जाहिरात द्या, म्हणाले. हातात रंगीत कागद होता आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'श्रोते 3 लाख.' केंद्र सामुदायिक, लहानसं. पैसे मात्र त्या 3 लाखांच्या हिशेबाने मागितले.

गटाचा पैसा म्हणजे रोवणी-कापणीच्या मजुरीतून दर महिन्याला बाजूला काढलेली बचत. तो कागदावरच्या एका आकड्यावर कसा द्यायचा? ग्रामसंघाच्या बैठकीत विषय ठेवला. एक मावशी म्हणाली, "एवढे लोक राहतेत का जी आपल्या भागात?" आधी आम्ही हसलो, मग वही-पेन घेऊन बसलो.

सामुदायिक केंद्राला साधारणपणे 100 वॅटपर्यंतच परवानगी असते. त्याचा आवाज 10 ते 15 किलोमीटर जातो. आम्ही मोठ्या मनाने 15 किलोमीटर धरले. तेवढ्या वर्तुळात सुमारे 707 चौरस किलोमीटर जागा येते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे आपल्या गोंदिया जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला सरासरी 253 माणसं. गुणाकार केला तर 1 लाख 79 हजारांच्या आसपास आकडा येतो. त्यात पाळण्यातलं लेकरूही आलं आणि ज्याच्या घरी रेडिओच नाही तोही आला. आपल्याकडे तर मध्ये जंगल आणि डोंगर, वस्ती विरळ. मग 3 लाख श्रोते आले कुठून?

मैत्रिणींनो, इथे पहिली गोष्ट कळली. आवाज पोचतो तिथले सगळे लोक म्हणजे श्रोते नव्हेत. बाजारात शंभर माणसं दुकानासमोरून जातात, म्हणून शंभर गिऱ्हाइकं झाली असं आपण म्हणतो का?

दुसरी गोष्ट त्याच बैठकीत कळली. आम्ही विचारलं, रेडिओ कोण कोण ऐकतं? जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. मग विचारलं, काल संध्याकाळी काय लागलं होतं? हात भराभर खाली आले, तीन-चारच वर राहिले. कोणी खोटं बोललं नव्हतं. कधीतरी ऐकते तीही 'ऐकते' म्हणते आणि रोज ऐकते तीही 'ऐकते'च म्हणते. पण जाहिरात देणाऱ्याला या दोघींत फार फरक पडतो.

मोठ्या शहरांत हे कसं मोजतात? भारतात 2007 पासून एका संस्थेने रेडिओच्या श्रोत्यांची मोजणी सुरू केली. दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि कोलकाता या शहरांतली निवडक माणसं एका डायरीत लिहायची, कोणती वाहिनी कधी ऐकली ते. एका शहरात अशी माणसं होती 480. शितावरून भाताची परीक्षा आपणही करतो, त्यामुळे पद्धत चुकीची नाही. भात नीट ढवळलेला असला की थोडी शितंही पुरतात. पण ती किती थोडी आहेत, हे विसरायचं नाही. समजा, एका वाहिनीला त्यात 5 टक्के श्रोते मिळाले. म्हणजे 480 पैकी 24 माणसं. गणित असं सांगतं की खरा आकडा 3 टक्केही असू शकतो आणि 7 टक्केही. पुढच्या आठवड्यात चार माणसं दुसरीकडे वळली, की कागदावर ती वाहिनी एकदम घसरलेली दिसते. शिवाय डायरी आठवून लिहायची असते आणि आठवणीचं काय होतं ते आपण हात वर करताना पाहिलंच.

त्याआधीच्या काळात पत्रं मोजायचे. फर्माइशीच्या पत्रांमुळे झुमरीतलैया हे गाव देशभर माहीत झालं. पण तिथल्या काही हौशी मंडळींत जास्तीत जास्त पत्रं पाठवायची चुरस असायची. पत्रं ढीगभर आणि लिहिणारे हात मोजकेच. आजही केंद्राला येणाऱ्या फोनचं तसंच आहे. तेच पाच जण रोज फोन करतात.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोजणाऱ्याला पैसे कोण देतो? आकडा वाढला की जाहिरातीचा दर वाढतो, म्हणून आकडा वाढवायची ओढ असतेच. टीव्हीचं उदाहरण आठवा. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला होता की मोजणीचं यंत्र लावलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या सुरू ठेवायला सांगितलं जात होतं. पुढे सरकारने तो खटला मागे घेतला. पण आरोप झाल्यावर बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे बरेच महिने प्रसिद्धच होत नव्हते.

मग काय, जाहिरात द्यायचीच नाही? तसं आम्ही म्हणत नाही. आज ज्या रेडिओवरून आम्ही बोलतोय, तोही अशाच लहान जाहिरातींवर तग धरतो. आम्ही त्या भाऊंना सांगितलं, 3 लाखांचा कागद बाजूला ठेवा आणि वेळेचा दर सांगा. सरकार स्वतःच्या जाहिरातीसाठी सामुदायिक केंद्राला 10 सेकंदांना 74 रुपये देतं. 2023 मध्ये तो दर 52 वरून वाढवला. म्हणजे 30 सेकंदांचे 222 रुपये. तो दर समोर ठेवून आम्ही बोलणी केली आणि आधी फक्त दोन आठवड्यांची जाहिरात दिली.

जाहिरातीत एक वाक्य घातलं, "रेडिओवर ऐकलं म्हणून सांगा, एक लाडू जास्त मिळेल." आठवडी बाजारात आमच्या दुकानावर बसणारी बाई प्रत्येक वेळी वहीत एक रेघ ओढायची. दोन बाजार झाले, रेघा दोन डझनही भरल्या नाहीत. ऐकूनही न सांगणारे असतील, शेजारणीकडून कळलेले असतील, त्यामुळे हाही आकडा पुरा नाही. पण तो आमच्या डोळ्यांसमोर झाला होता. लाडवांचा खर्च आणि जाहिरातीचा खर्च मांडला, तेव्हा चटणीची जाहिरात परवडली, लाडवांची नाही. पुढचा ठराव त्यावरच झाला.

तर मैत्रिणींनो, कोणी श्रोत्यांचा आकडा दाखवला की चार प्रश्न विचारा. कोणी मोजलं? किती जणांना विचारून मोजलं? त्यांत आपल्यासारख्या गावच्या बाया होत्या का? आणि मोजायचे पैसे कोणी दिले? उत्तर आलं तर पुढचं बोला. नाही आलं तर चहा पाजा आणि बचतीची पेटी बंदच ठेवा.

आणि आपल्या केंद्रालाही आमचं सांगणं आहे. ऐकणारे दोन हजार असतील तर दोन हजारच सांगा. त्या दोन हजारांत आमची गिऱ्हाइकं असतील तर आम्ही जाहिरात देऊ.