टायर फुटणं ही देवाची करणी नव्हे



हाउन्सलोत राहायचं म्हणजे मोठ्या गाड्यांशी रोजची गाठ. हीथ्रोचा माल नेणारे ट्रक, शाळेच्या सहलीच्या बस, आपण कार्यक्रमांसाठी भाड्याने घेतो त्या मिनीबस. आपल्यापैकी काही जण या गाड्या चालवतात, काही जण त्यांत बसतात आणि उरलेले एम ४ वर त्यांच्या शेजारून जातात. त्यामुळे आजचा विषय सगळ्यांचाच आहे: टायर, आणि तो फुटू नये म्हणून काय करायचं.

सुरुवात आपल्याकडच्या एका खटल्यापासून करू. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला. गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आतला एक कर्ता माणूस जागीच गेला. घरच्यांनी भरपाई मागितली, ती मंजूरही झाली. पण विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं, की टायर फुटणं ही देवाची करणी, त्याला चालक काय करणार? २०२३ साली न्यायालयाने हे अपील फेटाळलं. ही देवाची करणी नाही, माणसाचा निष्काळजीपणा आहे, असं निकालात स्पष्ट म्हटलं. अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, जुने वापरलेले टायर, तापमान ही कारणंही मांडली.

आपण घरात किती सहज म्हणतो, ‘काय करणार, टायर फुटला!’ तिथेच चौकशी संपते. खरं तर तिथून ती सुरू व्हायला हवी.

टायर फुटतो कसा? ट्रकचं ओझं पेलते ती हवा. रबर आणि आतल्या तारा त्या हवेला धरून ठेवतात. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार वाकवत राहिलं की ती गरम होऊन तुटते ना, तसंच. उष्णता वाढत जाते, थर एकमेकांपासून सुटतात आणि शेवटी टायरच्या चिंध्या होतात. त्यात जादा माल, जादा वेग किंवा चिकटून राहिलेला ब्रेक असेल, तर उष्णतेत आणखी भर. रस्त्याच्या कडेला रबराच्या ज्या लांब पट्ट्या दिसतात, त्या पाहून आपण म्हणतो, रिमोल्ड टायर असणार. पण कमी हवेने चांगला नवा टायरही असाच जातो.

म्हणून व्यवसायातला नियम असा, की ट्रकच्या टायरमधली हवा ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्क्यांनी कमी झाली, तर तो टायर बसलेलाच समजायचा. नुसती हवा भरून पुढे जायचं नाही. तो उतरवून आतून तपासायचा, कारण जखम बाहेरून दिसत नाही.

गाडी चालवणाऱ्यांनो, सकाळी निघण्याआधी गाडीला एक प्रदक्षिणा घालाच. हवा थंड टायरमध्ये मोजा. धावून आलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर तीच कमी पडते. मागच्या जोडटायरमधला आतला टायर विसरू नका. तो दिसत नाही, आणि तो बसला की सगळं ओझं बाहेरच्यावर येतं. दोन टायरांमध्ये अडकलेला दगड काढा. बाजूला चीर किंवा फुगवटा दिसला तर गाडी हलवू नका. चाकाच्या नटांवरचे पिवळे बाण जागेवरून फिरलेले दिसले, तर नट ढिले झाले असू शकतात. या देशात ट्रकच्या टायरची नक्षी कायद्याने किमान १ मिलिमीटर खोल हवी, मोटारीची १.६. पण नक्षी चांगली म्हणजे टायर चांगला, असं मात्र नाही.

ते इथे फार मोठी किंमत देऊन कळलं. सप्टेंबर २०१२ मध्ये बेस्टिव्हल या संगीत महोत्सवाहून लिव्हरपूलला परतणाऱ्या बसचा पुढचा टायर सरेमध्ये, ए ३ रस्त्यावर फुटला. तिघांचा जीव गेला. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता, बसपेक्षाही जुना! आणि तेव्हाच्या कायद्यात टायरच्या वयावर बंदी नव्हती. अपघातात १८ वर्षांचा मुलगा गमावलेल्या फ्रान्सिस मोलॉय यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना, तसंच मिनीबसच्या एकेरी चाकांना १० वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी आली.

हे वय कुणालाही वाचता येतं. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुढच्या वेळी मिनीबस ठरवाल तेव्हा मुलं चढायच्या आधी ते आकडे बघा. ‘दादा, टायर किती सालचे आहेत?’ हे विचारण्यात कसला आलाय संकोच? भारतात गेल्यावर समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर जायला गाडी भाड्याने घ्याल, तेव्हाही हाच प्रश्न विचारा. स्टेपनीचंही वय पाहा.

आणि तरीही टायर फुटलाच तर? स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा. ब्रेकवर जोरात पाय देऊ नका. गाडी सरळ ठेवून वेग आपोआप उतरू द्या आणि हळूहळू डावीकडे या. आपल्या एम ४ वर जंक्शन ३ ते १२ दरम्यान हार्ड शोल्डर नाही, हे लक्षात असू द्या. जमेल तर नारिंगी रंगाच्या आपत्कालीन थांब्यापर्यंत जा. डाव्या दाराने उतरून कठड्यामागे उभे राहा आणि तिथल्या फोनवरून मदत मागवा. गाडी वाहत्या रस्त्यातच थांबली आणि उतरणं धोक्याचं असेल, तर धोक्याचे दिवे लावा, पट्टा बांधलेलाच ठेवा आणि ९९९ ला फोन करा. मोटरवेवर स्वतः चाक बदलायला कधीही बसू नका.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ट्रक किंवा बस चालवणारं माणूस असेल, तर आज रात्री जेवताना हा विषय काढा. त्यांना उशीर झाला म्हणून आपण फोनवर घाई करतो, तीही जरा आवरू. प्रदक्षिणेची दहा मिनिटं त्यांना मिळू देत.

भेटू पुढच्या कार्यक्रमात. सांभाळून जा, सुखरूप या. नमस्कार!