खोलीचा कर आणि खोली झाडणारी

मैत्रिणींनो, मी लॉजच्या खोल्या झाडणाऱ्या बायकांमध्ये काम करते, म्हणून हे सांगते. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात मार्च २०२० मध्ये हॉटेल-कर वाढवण्यावर लोकांनी मतदान केलं. ६५ टक्के मतं बाजूने पडली. दोन-तृतीयांश हवीत की साधं बहुमत पुरे, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या; वाढ लागू झाली मे २०२५ मध्ये. पैसा कशासाठी? अधिवेशन केंद्र, बेघर, रस्ते. पण चादरी बदलणारी बाई त्यात कुठे? ओकलंडमध्ये २०१८ साली मतपत्रिकेवर तिचाच प्रश्न होता: एकटीने खोलीत जाताना धोक्याचं बटण, कामाला मर्यादा, किमान वेतन. लोकांनी ते मंजूर केलं. आपल्या ठरावातही ही तीन कलमं घालू या.